हात करणारे खेकडे

हमीद मुकादम कुणाच्याही घरी गेले, की आधी दाराची विचारपूस करतात, मग माणसांची. माणसांची कधीकधी राहूनही जाते.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून पॅसेजमध्येच पडलं होतं. समोरच्या फ्लॅटमधून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. मी हसून म्हटलं, "या ना, आम्ही सावंत." त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी आमचं दार अर्धं लावलं, कान जवळ नेला, परत उघडलं.

"आवाज येतोय," ते दाराला म्हणाले.

मग शर्टाच्या खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली, तिन्ही बिजागऱ्यांना तेल पाजलं, दार चारदा हलवून बघितलं, "आता नाही येणार," म्हणाले आणि घरी निघून गेले.

थोड्या वेळाने त्यांची बायको, नसीमभाभी, शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन आली. "वहिनी, रागावू नका हां. त्यांना 'कसे आहात' असं विचारता येत नाही. म्हणून ते तेल घालतात."

मुकादमभाई मूळचे उरणकडचे, मोरा बंदराजवळचे. रबाळ्याला पॅकिंगची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी इंजिनियर म्हणून उभी हयात काढली. मशीन बिघडलं की ते काय म्हणतंय हे मुकादमना कळायचं, असं त्यांचे सहकारी सांगत. माणूस काय म्हणतोय हे कळायला मात्र त्यांना नसीमभाभी लागायच्या. त्या घरात बोलायचं खातं भाभींकडे आणि ऐकायचंही भाभींकडेच. भाभी कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरल्या, तरी तासाभराने चार बिल्डिंगच्या बातम्या घेऊन वर यायच्या, बऱ्याचदा कोथिंबीर विसरून. मुकादमभाई मागे पिशवी धरून उभे असायचे. कुणी त्यांच्याशी बोलायला लागलं, की ते भाभींकडे बघायचे. जणू काही भाभी उत्तर देणार आणि हे त्याखाली सही करणार.

एकदा तिसऱ्या मजल्यावर एका घरी वडील वारले. आम्ही सगळे सांत्वनाला गेलो होतो. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. फक्त वर पंखा कुरकुरत होता. मुकादमभाईंनी हळूच विचारलं, "स्टूल मिळेल?" घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खाली बसायला त्रास होत असेल. मुलाने धावत जाऊन स्टूल आणलं. मुकादमभाई त्यावर चढले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी एका हाताने पंखा थांबवला, दुसऱ्या हाताने वरचा कप सैल केला, आत तेल सोडलं आणि उतरून पुन्हा मान खाली घालून बसले. भाभी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसल्या होत्या. दुःखाने की हसू आवरायला, देव जाणे.

नसीमभाभी अचानक गेल्या. पाच-सहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. मोऱ्याहून नातेवाईक आले, काही दिवस राहिले, गेले. मुकादमभाई एकटे राहिले. पहिल्या महिन्यात ते रोज कुणा ना कुणाच्या दारात दिसायचे. एकेक करत बिल्डिंगमधली सगळी दारं, लिफ्टच्या जाळ्या, गच्चीचं लोखंडी फाटक, वॉचमनची खुर्ची, सगळं त्यांनी गप्प करून टाकलं. आणि मग त्यांना कुणाकडे जायला कारणच उरलं नाही.

लोक वाईट नव्हते. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मी जिन्यात भेटले की म्हणायची, "काय मुकादमभाई, बरं ना?" ते थोडा वेळ विचार करायचे. खरंच बरं आहे का, हे आतून तपासून आल्यासारखे म्हणायचे, "चालू आहे." तोवर मी दोन मजले खाली पोचलेली असायची.

अशातच खाडीकाठच्या बागेचं प्रकरण निघालं. जॉगिंग ट्रॅकच्या कडेने लांबलचक बाग आहे. तिथे प्रत्येक सोसायटीने आपापला एक कोपरा सजवावा, थीम निसर्गाची, अशी कल्पना निघाली. मी सोसायटीची सांस्कृतिक सचिव. मीटिंग आमच्याच घरी. चेअरमन बोराडेसाहेबांनी बसल्याबसल्या निकाल दिला, "फ्लेमिंगो. फायबरचा. मोठा."

मी म्हटलं, "शेजारच्या सोसायटीनं तोच ठरवलाय. तिच्या पलीकडच्या सोसायटीचा तर उभा पण राहिला."

"मग आपण दोन लावू. मध्ये हार्ट. सेल्फी पॉइंट होईल."

आमच्याकडे आता खाडीतल्या फ्लेमिंगोंपेक्षा फायबरचे जास्त झालेत. पण ते बोलून दाखवायची हिंमत कुणात नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याला हात केला तर तो काय करतो?"

मुकादमभाई मीटिंगला येऊन बसलेत, हे तोपर्यंत कुणाला कळलंच नव्हतं. आमचं दार वाजत नाही ना.

"कोण काय करतो?" बोराडेसाहेबांनी विचारलं.

"फ्लेमिंगो. आपण हात केला तर?"

"फायबरचा आहे हो तो. काय करणार?"

"मग खेकडे करा," मुकादमभाई म्हणाले. "ते उलट हात करतात."

सगळे हसले. बोराडेसाहेब तर डोळे पुसायला लागले. मुकादमभाई हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "रविवारी ओहोटी दुपारी आहे. दाखवतो."

रविवारी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. बोराडेसाहेब पुढे, मी मागे. पंचाईत अशी, की साहेब पांढरे बूट घालून आले होते. द्रोणागिरीला कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत मोऱ्याला पोचलो. लाँच लागते त्या धक्क्याला वळसा घालून मुकादमभाई आम्हाला मागच्या चिखलाकडे घेऊन गेले. पाणी लांब गेलं होतं. मला नुसता काळा चिखल दिसला, चमकणारा.

"हलू नका," मुकादमभाई कुजबुजले. "आपल्याला बघून आत गेलेत. विश्वास बसला की येतील."

आम्ही उभे राहिलो. बोराडेसाहेबांचे बूट हळूहळू खाली जात होते. आणि मग चिखलाला जागोजागी भोकं आहेत हे माझ्या लक्षात आलं. एका भोकातून नखाएवढं काहीतरी लाल वर आलं. मग दुसऱ्यातून. बघता बघता सगळा चिखल लाल ठिपक्यांनी भरून गेला. इवले इवले खेकडे. प्रत्येकाची एक नांगी बारीक आणि दुसरी अंगापेक्षा मोठी. आणि ती मोठी नांगी प्रत्येक जण वर करत होता, खाली घेत होता, परत वर करत होता. शेकडो जण. समोर लाँच सुटताना काठावर उभी माणसं हात हलवतात ना, अगदी तसं.

"हे नर," मुकादमभाई म्हणाले. "पाणी येईपर्यंत हात करतात."

"कुणाला?" मी विचारलं.

"जी बघेल तिला."

"आणि नाही बघितलं तर?"

त्यांनी नेहमीप्रमाणे विचार केला. "उद्या परत ओहोटी असते."

तेवढ्यात टोपली घेऊन चाललेल्या एका कोळणीने वरून हाक मारली, "काय रं हमीद, चिखलान काय बगतस? पानी भरल आता, वर ये!" मुकादमभाईंनी तिला चक्क हात केला. शाळेतल्या मुलासारखा. आमच्या सोसायटीत मी त्यांना असा हात वर करताना कधी पाहिलं नव्हतं.

परतताना बोराडेसाहेब मांडीवर बूट घेऊन अनवाणी बसले होते. द्रोणागिरी मागे पडल्यावर म्हणाले, "सोसायटीचं नाव मात्र मोठं पाहिजे." म्हणजे खेकडे मंजूर.

पुढचे काही महिने मुकादमभाईंच्या फ्लॅटमधून ठोकाठोकीचा आवाज येत होता आणि तक्रार करणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मी अधूनमधून डोकावायची. डायनिंग टेबलावर फायबरचे खेकडे उताणे पडलेले, एकेक चांगला परातीएवढा. त्यांच्या पोटातून सायकलच्या ब्रेकच्या वायरी बाहेर आलेल्या. बेत असा होता: प्लायवूडचा उतरता चिखल करायचा, त्यात बिळं, बिळांत खेकडे. मागे पत्र्याची लहानशी खोली. समोर कुणी हात हलवला की सेन्सर तो बघणार, मोटर वायर ओढणार, खेकडा नांगी वर करणार.

मी म्हटलं, "एक बटण ठेवा की सरळ. मुलांना दाबायला मजा येईल."

"बटण दाबायला लिफ्ट आहे ना," ते म्हणाले. "इथे हातच करायला पाहिजे. माणूस आधी लाजेल. इकडेतिकडे बघेल. मग जरासा हात वर करेल. त्यात गंमत आहे."

मी बघत होते, की इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती, तो खेकड्यांबद्दल बोलताना थांबत नव्हता. हा डावीकडचा लाजाळू, त्याला दोनदा हात करावा लागेल. हा कोपऱ्यातला आगाऊ, तो आधी करणार आणि मग बाकीचे त्याचं बघून. आणि मधला मोठा? त्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. "लगेच हात केला तर मशीन वाटतं, वहिनी. आधी त्याला विचार करू दे. मला केला का? खरंच मलाच केला का? मग हात वर."

पहिली चाचणी मात्र फजितीची झाली. बोराडेसाहेब समोर उभे राहिले आणि त्यांनी हात केला. खेकडे ढिम्म. त्यांनी जोरात केला. काही नाही. मग दोन्ही हात वर करून हलवायला लागले. मागच्या रस्त्यावर एक रिक्षा कचकन थांबली. "कुठे जायचंय, काका?" साहेबांनी त्याला हातानेच नको म्हटलं, तर पलीकडून दुसरी येऊन थांबली. दोन्ही रिक्षावाले आपसात भांडायला लागले. आणि त्याच वेळी वरून एक कावळा गेला, तर सगळ्या खेकड्यांनी एकदम नांग्या वर करून त्याला सलाम ठोकला. पत्र्याच्या खोलीतून मुकादमभाईंचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "बघितलं! त्याने कावळ्याला बघितलं!"

बोराडेसाहेब नंतर बरेच दिवस खेकड्यांसमोरून जाताना हात खिशात ठेवून जायचे.

पण शेवटी जमलं. उद्घाटनाला गर्दी झाली, फ्लेमिंगोवाल्या सोसायट्या बघायला आल्या आणि तोंड पाडून गेल्या. सकाळी चालायला येणारी गंभीर माणसं, कानात वायरी घातलेली पोरं, कॉलेजच्या मुली, सगळे तिथे थबकायचे. आधी इकडेतिकडे बघायचे. मग जरासा हात वर करायचे. मुकादमभाईंनी सांगितलं होतं, अगदी तसंच. मधला खेकडा विचार करून उत्तर द्यायचा तेव्हा लोक हमखास हसायचे. मुकादमभाई लांबच्या बाकावर बसून बघत राहायचे. हे कुणी बनवलं, असं तिथे कुणी विचारत नव्हतं. पाटीवर सोसायटीचं नाव मात्र खरोखरच मोठं होतं.

मग पावसाळा आला आणि गेला. खाडीच्या दमट हवेत फ्लेमिंगोंचा रंग उडाला, एकाची मान वाकली. आमचे खेकडे ठणठणीत. उलट पावसाळ्यानंतर जास्तच छान चालायला लागले. कावळ्याला हात करायचे बंद झाले. लहान मूल आलं की नांगी हळूच वर जायची, पोलीस दिसला की ताठ. लोक म्हणायचे, काय सेन्सर बसवलाय हो!

मुकादमभाई मात्र बाकावर दिसेनासे झाले. मी धरून चालले, कंटाळले असतील.

दिवाळीनंतरची एक दुपार. आमच्या सगळ्या वसाहतीतले लाईट गेले होते. लिफ्ट बंद, आणि आमचा मजला नववा. बँकेतून परत येताना मी म्हटलं, लाईट येईपर्यंत बागेत बसावं. खेकड्यांसमोरून जाताना सवयीने हात केला. कोपऱ्यातल्या आगाऊने नांगी वर केली. मग बाकीच्यांनी. मग जरा विचार करून मधल्याने.

मी चार पावलं पुढे गेले आणि थांबले. लाईट नव्हते, मग मोटर कशी चालली?

मागे वळसा घालून मी पत्र्याच्या खोलीचं दार ओढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. मुकादमभाई बनियनवर, घामाने निथळत, उलट्या बादलीवर बसले होते. ब्रेकच्या सगळ्या वायरी मोटरीपासून सोडवून त्यांनी त्यांना फासे केले होते. काही दोन्ही हातांच्या बोटांत, दोन पायांच्या अंगठ्यांत. मागावर बसलेल्या विणकरासारखे दिसत होते. डोळा सेन्सरसाठी ठेवलेल्या भोकाला लावलेला.

"दार लावा वहिनी," ते म्हणाले. "उजेड आला तर समोरून दिसतं."

मी आत शिरून दार ओढून घेतलं. "हे काय? सेन्सर?"

"पावसात गेला."

"अहो, दिवाळी झाली! मग नवा बसवायचा ना. कमिटीला सांगायचं."

"बसवायचाय," ते वायरीकडे बघत म्हणाले. मग बोटातला एक फासा घट्ट करत, "त्याला माणूस कळत नाही."

"आणि तुम्ही रोज इथे बसता?"

"बंद कसं ठेवणार? माणूस हात करतो. समोरून काहीच आलं नाही तर त्याला कसं वाटेल?" त्यांनी भोकातून बाहेर बघितलं. "खूप लोक करतात, वहिनी. एक वॉचमन आहे, ड्यूटी संपली की येतो, सॅल्यूट मारतो. एक मुलगी रडत आली होती परवा. तिला सगळ्यांनी केला. आगाऊने तर तीनदा." ते हसले. "मला एवढ्या लोकांनी कधी हात केला नव्हता."

माझा फोन वाजला. बोराडेसाहेब. "वहिनी, कुणीतरी सांगतंय लाईट नसताना पण खेकडे चालू आहेत! कसं काय?"

मी मुकादमभाईंकडे पाहिलं. "बॅटरीवर आहेत," मी म्हटलं.

"वा! मुकादम भारी माणूस आहे," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

"मुकादमभाई," मी म्हटलं, "त्या बाकावर बसलात, तर तुम्हालाही लोक..."

"श्श," ते एकदम म्हणाले. "जाधवमावशी आल्या."

त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली. भोकातून मला नऊवारीतली एक ठेंगणी म्हातारी दिसली. मी तिला ओळखत होते. पलीकडच्या सोसायटीत मुलाकडे राहते. मूळची साताऱ्याकडची, नवरा मार्केटात माथाडी होता. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. ती चिखलाच्या कडेला येऊन उभी राहिली, तिने हात वर केला. मुकादमभाईंची बोटं हलली. नांग्या वर गेल्या.

"हाय का समदी? बरं हाय न्हवं?" ती म्हणाली. मग कट्ट्यावर टेकली आणि गुडघ्याबद्दल, टीव्ही कसा लावायचा ते कळत नाही त्याबद्दल, गावाकडं भावकीत लग्न आहे आणि न्यायला कुणाला वेळ नाही त्याबद्दल, असं बरंच काही त्या खेकड्यांना सांगत राहिली. मुकादमभाई ऐकत होते. जिथे पाहिजे तिथे एखादी वायर हळूच ओढत होते. कधी डावीकडची, कधी मधली. सांगणाऱ्याला आपलं ऐकलं जातंय असं वाटावं, तेवढीच. हे सगळं नसीमभाभींचं काम, मला वाटलं. कुणाचं काय चाललंय ते ऐकून घ्यायचं. या पत्र्याच्या खोलीत ते आता एकटे करत होते.

म्हातारी उठली. जाता जाता वाकून मधल्या मोठ्या खेकड्याकडे तिने निरखून बघितलं.

"आज तुजा हात लई जड पडतोय की रं," ती म्हणाली. "का? जेवला न्हाईस का?"

मुकादमभाईंनी वायर ओढली. बाहेर नांगी वर गेली असणार. आणि माझ्या शेजारी, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ते म्हणाले, "जेवलो, मावशी."

"येळच्या येळी खात जा," असं म्हणत ती निघून गेली.

ते जेवले नव्हते. खोलीत पाण्याच्या एका बाटलीशिवाय काही नव्हतं. मी बाहेर पडले. लाईट अजून आले नव्हते. नऊ मजले चढून वर गेले, होती ती पोळी-भाजी डब्यात भरली, जरा लोणचं घातलं आणि नऊ मजले उतरून परत आले.

"मुकादमभाई, खाऊन घ्या. तोवर मी बघते."

"ठेवा तिथे," ते म्हणाले. डोळा भोकालाच होता, दहाही बोटांत वायरी ताणून धरलेल्या. "आता नको. कुणीतरी येईल."

मी त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. भर उन्हात तो जॉगिंग ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा पडला होता.